ऊंसतोड मजूर आणि आपलें कर्तव्य

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हां भरली म्हणजे प्रत्येक वर्गशिक्षक हजेरीपत्रक पुढें घेऊन एकेक नांव पुकारतो. सुटीपूर्वीं ज्या नांवांस "हजर" असें उत्तर मिळत होतें, त्यांपैकीं कांहीं नांवांस आतां उत्तर येत नाहीं. शेजारचा मुलगा उठून सांगतो, "गुरुजी, तो तोडीला गेला." आम्ही त्या नांवापुढें गैरहजेरीची खूण करतों व पुढील नांव घेतों. मग मार्चअखेरपर्यंत, कधीं पाडवा उलटेपर्यंत, त्या नांवापुढें रोज एक खूण वाढत जाते. आमच्या सेवेस वीस वर्षें होत आलीं. परंतु ज्या वर्षीं आमच्या हजेरीपत्रकांत अशा ओळी नव्हत्या, असें एकही वर्ष आम्हांस आठवत नाहीं. शाळेच्या या वार्षिकांत त्या ओळींविषयीं चार शब्द लिहावे, असें फार दिवस मनांत होतें. यंदा तें लांबणीवर टाकवेना. त्याचें कारण प्रथम सांगतों.

गेल्या एप्रिलांत इयत्ता आठवींतील एक मुलगी पांच महिन्यांनीं वर्गांत परत आली. त्या दिवशीं बीजगणिताचा तास होता. आम्हीं तिला फळ्याजवळ बोलाविलें व एक साधें समीकरण सोडविण्यास सांगितलें. तिला तें आलें नाहीं. आम्ही साऱ्या वर्गादेखत तिला टाकून बोललों. तिनें उलट उत्तर दिलें नाहीं; खडू धरलेला हात मात्र खालीं घेतला. तेव्हां त्या हातावर उंसाच्या पात्यांनीं कापल्याच्या रेघा व कोयत्यानें पडलेले घट्टे आम्हांस दिसले. जें शिकविणें आमचें काम होतें, तें न आल्याबद्दल आम्हीं तिलाच दोष दिला. हा आपला अपराध या पानावर कबूल करून, मगच इतरांस कांहीं सांगण्याचें धाडस आम्ही करीत आहों.

आमचा अहिल्यानगर जिल्हा, म्हणजे पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, हें या प्रश्नाचें एक लहानसें चित्रच आहे. उत्तरेस प्रवरा व गोदावरी यांच्या कालव्यांचा हिरवा मुलूख, तर पूर्वेस व दक्षिणेस पाथर्डी, शेवगांव, जामखेड यांसारखे अवर्षणाचे तालुके. १९२६ सालीं भंडारदऱ्याचें धरण पुरें झालें, कालव्यांचें पाणी शेतांत खेळूं लागलें आणि बाजरीच्या रानांत ऊंस उभा राहिला. १९५० सालीं लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानें शेतकऱ्यांच्या मालकीचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. लहान शेतकऱ्यांनीं आपल्या भागभांडवलावर एवढा उद्योग उभारावा, ही गोष्ट सर्वांनीं अभिमान बाळगावा अशी आहे. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या घरच्या पक्क्या भिंती व त्यांच्या थोरल्या भावांचें उच्च शिक्षण या उंसानेंच दिलेलें आहे. तें आम्ही विसरलेलों नाहीं.

परंतु उंसाची एक अडचण आहे. तो पक्व झाला कीं वेळेवर तोडावा लागतो. आणि तोडल्यावर लौकरांत लौकर कारखान्यांत पोंचावा लागतो, नाहींतर त्याचें वजन घटतें व साखरेचा उतारा कमी पडतो. कारखाना रात्रंदिवस चालतो, म्हणून फडांतही रात्रंदिवस माणसें लागतात. चार-पांच महिने हजारों हात हवे असतात आणि बाकीचे सात-आठ महिने त्यांचें कांहींच काम नसतें. असे हात बागाइतांत कोठून मिळणार? ते जेथें खरिपानंतर रानांत कांहीं पिकत नाहीं अशा मुलखांतून आले. बीड जिल्हा त्यांत अग्रेसर. त्याच्याबरोबर जालना, परभणी, धाराशिव आणि आमच्याच जिल्ह्याचे दुष्काळी तालुके. १९७२ च्या दुष्काळानंतर ही वाट अधिकच रुळली. आज दरसाल दहा लाखांच्या आसपास माणसें दसरा-दिवाळीच्या सुमारास घराला कुलूप लावून पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर या जिल्ह्यांत व कर्नाटकांतही ऊंस तोडावयास जातात, असा अंदाज आहे.

या व्यवहारांत माणसाला माणूस म्हणत नाहींत, "कोयता" म्हणतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा असेल तर अर्धा कोयता. अविवाहिताला उचल कमी मिळते, म्हणून पुष्कळ ठिकाणीं कोवळ्या वयाच्या मुलामुलींचीं लग्नें उरकण्याची घाई होते. पहांटे तीन-चार वाजतां बाईनें उठावें, पाणी आणावें, भाकरी थापाव्या, आणि झुंजुमुंजू होण्याआधीं नवऱ्याबरोबर फडांत उभें राहावें. त्यानें ऊंस तोडावा, तिनें पाचट काढून मोळ्या बांधाव्या, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडींत चढावें. वाहन रात्रीं आलें तर रात्रीं भरावें. तान्हें मूल बांधावर पाचटांत निजवावें, त्याजवळ सहा-सात वर्षांची बहीण बसवावी. उंसांत बिबट्याचें भय, सापाचें भय. राहावयास पालाची किंवा चटयांची कोपी. तींत दिवा नाहीं, शेजारीं न्हाणी नाहीं, शौचकूप नाहीं. वाढें विकून जे चार पैसे येतात, त्यांवर तेलमीठ चालतें.

एवढ्या कष्टाची मजुरी कशी मिळते, हें नीट समजून घेतलें पाहिजे. कारण आमच्या मतें सर्व अनर्थाचें मूळ तेथें आहे. मोशेच्या नियमशास्त्रांत मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वीं त्याच्या हातीं द्यावी असा नियम आहे. मजुरी उशीरा मिळते, हा त्या काळींही अन्याय होता. उंसाच्या फडांत याच्या उलट प्रकार आहे. तेथें मजुरी काम सुरू होण्याच्या आधीं, ऐन पावसाळ्यांत, एकरकमी मिळते. तिला "उचल" म्हणतात. वरवर पाहणाऱ्यास हा उपकार वाटेल. परंतु जी मजुरी कामाआधीं मिळते आणि आजारपणांत, लग्नकार्यांत किंवा मागील देणें फेडण्यांत खर्चून जाते, ती मजुरी राहत नाहीं. तिचें ऋण होतें. असा मजूर आपलें काम विकीत नाहीं, आपलें येणारें अर्धें वर्ष गहाण टाकतो. आणि बायको त्याच कोयत्यांत धरलेली असल्यामुळें तिचें वर्षही त्याच्याबरोबर गहाण पडतें.

विद्यार्थिमित्रहो, एक गणित वहींत मांडून पाहा. एका जोडप्यानें एक लाख रुपये उचल घेतली असें धरा. जानेवारी २०२४ मध्यें झालेल्या करारानें तोडणीच्या दरांत शेंकडा ३४ वाढ होऊन टनाचा दर २७३ रुपयांवरून ३६६ रुपये झाला. लाखास ३६६ नीं भागा; सुमारें २७३ टन येतील. धडधाकट जोडपें दिवसास दोन टन ऊंस तोडतें असें धरलें, तर उचल फिटण्यास १३७ दिवस लागतात. जुन्या दरानें हेच दिवस १८३ झाले असते. म्हणजे वाढ खोटी नव्हे, तिचें श्रेय ज्यांनीं ती मिळविली त्यांस दिलेंच पाहिजे. परंतु हंगाम १२० दिवसांत आटोपला तर काय होईल? २४० टनांचे ८७,८४० रुपये होतील, आणि १२,१६० रुपये अंगावर राहतील. पुढच्या सालीं पुन्हां त्याच मुकादमाकडे जाणें आलें. शिवाय या १२० दिवसांत एकही दिवस ताप आला नाहीं, मूल आजारी पडलें नाहीं, पाऊस झाला नाहीं, असें आपण धरलें आहे. एक दिवस काम चुकलें तर त्याला "खाडा" म्हणतात, व पुष्कळ टोळ्यांत त्याबद्दल पांचशे रुपये किंवा अधिकही दंड कापतात. आजारी पडणें हें जेथें दंडास पात्र ठरतें, तेथें आजार लपविण्याची संवय लागते.

त्याचा परिणाम किती भयंकर होतो, हें २०१९ सालीं सर्वांच्या निदर्शनास आलें. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड स्त्रियांच्या आरोग्याची पाहणी करण्यासाठीं श्रीमती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालीं समिती नेमण्यांत आली. पाहणी केलेल्या ८२,३०९ स्त्रियांपैकीं १३,८६१ स्त्रियांची गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया झालेली आढळली. म्हणजे जवळजवळ सहांतून एक. ज्या बाईस विश्रांतीचा दिवस घेतां येत नाहीं, स्वच्छतेस आडोसा व पाणी मिळत नाहीं, आणि दुखण्याची वेळेवर तपासणी होत नाहीं, तिला कायमचा उपाय म्हणून शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो व ती तो पत्करते. आमच्या शाळेंतील कित्येक मुलांच्या आया याच वयाच्या आहेत. हा विषय शाळेच्या वार्षिकांत नको, असें कोणास वाटेल. परंतु जें मुलांच्या घरांत घडतें तें मुलांपासून लपत नाहीं.

आतां दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. ऊंसवाले पालक आम्हांस म्हणतात, "गुरुजी, तुम्ही मजुरांचीच कड घेतां. टोळीवाले खुशाली घेतल्याशिवाय कोयता लावीत नाहींत. मुकादम लाखों रुपये उचलून पळून जातो आणि गाडीवाला कर्जांत बुडतो." हें खोटें नाहीं. अशी फसवणूक झालेले वाहनमालक आमच्याही ओळखीचे आहेत. परंतु विचार केला तर हाही त्याच उचलीचा दोष आहे. कारखाना वाहतूकदारास पैसे देतो, वाहतूकदार मुकादमास, मुकादम मजुरास. या सांखळींत मजुराचा मालक कोण, या प्रश्नास सरळ उत्तर नाहीं. कारखाना म्हणतो, हे आमचे नोकर नव्हेत. शेतकरी म्हणतो, माझे नव्हेत. आणि मुकादम स्वतःच टोळींतून वर आलेला असतो. जेथें मालक कोणीच नाहीं तेथें जबाबदारीही कोणाची नाहीं, आणि प्रत्येकजण दुसऱ्यास लुबाडणारा समजतो.

कोणी म्हणतात, "ते आपल्या खुषीनें येतात." उचलीच्या कागदावर अंगठा उठवितांना खुषी असेलही, परंतु मधेंच घरीं परत जाण्याची मोकळीक नसेल तर त्या खुषीस काय अर्थ? आगाऊ पैसे देऊन त्यांच्या फेडीसाठीं माणसाची दुसरीकडे जाण्याची मोकळीक हिरावून घेणें, हें १९७६ च्या वेठबिगारी नष्ट करण्याच्या कायद्यानें निषिद्ध ठरविलें आहे. आणखी कोणी म्हणतात, "आतां तोडणीचीं यंत्रें आलीं, हा प्रश्न आपोआप सुटेल." यंत्रें आलीं आहेत व त्यांस सरकारी अनुदानही मिळतें. परंतु लहान तुकड्यांच्या व अरुंद सऱ्यांच्या शेतांत तीं नीट चालत नाहींत. आणि उद्यां सर्वत्र चाललीं, तरी ज्यांच्या हातांतला कोयता गेला त्यांच्या हातीं दुसरें काय द्यावयाचें, हा प्रश्न राहतोच. त्या प्रश्नास शिक्षणावांचून दुसरें उत्तर आम्हांस दिसत नाहीं.

यंदा नाताळच्या सुटींत आम्ही त्या मुलीच्या कोपीवर गेलों होतों. दिवाळीनंतर ती पुन्हां तोडीला गेली होती. आमच्या गांवापासून तो फड मोटारीनें चार तासांच्या वाटेवर आहे. सायंकाळ झाली होती. आई चुलीशीं बसली होती व बाप पायांतलें कुसळ काढीत होता. "पोरीला गांवीं कां ठेवलें नाहीं?" असें आम्हीं विचारलें. तो शांतपणें म्हणाला, "गुरुजी, म्हातारी होती तवर ठेवली व्हती. आता तिच्यावर नजर कोण ठेवंल? अन् धाकल्याला हितं कोण बघंल?" यावर आमच्यापाशीं तत्काळ उत्तर नव्हतें. जी गोष्ट आम्हांस आळस व बेपर्वाई वाटत होती, ती खरोखर बापाची काळजी होती.

इतक्यांत मुलीनें कोपीच्या बांबूस टांगलेल्या पिशवींतून शाळेची वही काढून आम्हांस दाखविली. पुढच्या पानांवर दिवाळीपर्यंतचें बीजगणित होतें. मागच्या पानांवर तिनें तारीखवार रकाने पाडले होते: गाडीचा नंबर, पावतीवरील टन, झालेले रुपये, उचलींतून वजा, बाकी. "मुकादमाच्या अन् हिच्या हिशेबांत दीड टनाचा फरक निघाला," बाप म्हणाला, "त्यानं पावत्या पुन्हा पाहिल्या. हिचंच बरोबर निघालं." हें सांगतांना त्याच्या तोंडावर जें समाधान होतें, तें आम्हीं पालकसभेंत पुष्कळ वेळां पाहिलें आहे, परंतु तें पाहून आमची मान कधीं खालीं गेली नव्हती. ज्या मुलीस आम्हीं गणितांत कच्ची ठरविलें होतें, ती आपल्या घरचा सर्व हिशेब संभाळीत होती. निरोप घेतांना तिनें विचारलें, "गुरुजी, वर्ग कुठल्या धड्यापर्यंत गेला?"

तेव्हां आतां प्रत्येकानें काय करावें, तें आमच्या अल्पमतीप्रमाणें सांगतों.

तोडीस जाणाऱ्या पालकांस आमची विनंती आहे कीं, मूल मागें ठेवण्याची कांहीं सोय होत असेल तर ती अवश्य करा. नातेवाइकांकडे राहणाऱ्या मुलांसाठीं गांवोगांवीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. २०२१ सालीं राज्य सरकारनें ऊंसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठीं ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें काढण्याचें ठरविलें. आपल्या तालुक्याचें वसतिगृह कोठें आहे व तें खरोखर चालतें कीं नाहीं, याची चौकशी ऑगस्टांतच करा, आणि तीस आम्हांस बरोबर न्या. उचल घेतांना रक्कम, दर व खाड्याचा नियम कागदावर लिहून मागा. लिहितां येत नसेल तर मुलांकडून लिहवा. मुलीच्या लग्नाची घाई कोयत्यासाठीं करूं नका.

ऊंसवाल्या पालकांस आमचें सांगणें आहे कीं, तुमच्या फडाशेजारीं जी टोळी उतरते तिला पाण्याचा एक नळ, एक दिवा व बायकांसाठीं आडोसा करून देणें तुमच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. तुम्ही कारखान्याचे सभासद आहां. वार्षिक सभेंत उंसाच्या भावाबद्दल बोलतां, तसेच एकदां उभे राहून तळावरील पाणी, शौचकूप व दवाखाना यांबद्दलही विचारा. मजुरी कामाप्रमाणें दर आठवड्यास द्यावी, आणि ज्यास खरोखर नड असेल त्यास कर्ज निराळें, बँकेमार्फत मिळावें, असा ठराव मांडा. हें एका वर्षांत होणार नाहीं. परंतु मांडल्याशिवाय कधींच होणार नाहीं. साखर महाग होईल अशी भीति बाळगूं नका. एक टन उंसापासून साधारण १०० ते ११० किलो साखर होते. म्हणजे किलोमागें तोडणीची मजुरी सुमारें साडेतीन रुपये पडते. त्यांत एक रुपया वाढला तर कोणाचा चहा कडू होणार नाहीं.

आणि विद्यार्थिमित्रहो, तुम्हांस काय सांगावें? तुमच्या बाकावरचा जो मित्र दिवाळीनंतर दिसत नाहीं, त्याच्यासाठीं धड्यांच्या टिपणांची एक प्रत दर शनिवारीं काढून ठेवा. तो परत आला म्हणजे त्यास "तोडकऱ्याचा" म्हणून हिणवूं नका. सायंकाळीं तासभर त्याच्याजवळ बसा. घरीं चहांत साखर घालतांना ती कोणाच्या हातून आली, हें एकदां आठवा. त्या आठवणीनें लाज वाटण्याचें कारण नाहीं. मात्र शिकून मोठे झाल्यावर कारखान्यांत, कचेरींत किंवा न्यायासनावर बसाल, तेव्हां ती विसरूं नका.

राहिलों आम्ही शिक्षक. आम्हीं यंदापासून एक नेम केला आहे. जीं मुलें एप्रिलांत परत येतील, त्यांच्यासाठीं शाळा सुटल्यावर रोज एक तास निराळा ठेवावयाचा, आणि मे महिन्याच्या सुटींतील पहिले तीन आठवडे तो चालवावयाचा. आमच्या दोघां सहकाऱ्यांनींही यांत भाग घेण्याचें कबूल केलें आहे. ही फार मोठी गोष्ट नव्हे. पांच महिन्यांची तूट अशी भरून निघेल असा आमचा दावा नाहीं. परंतु ज्यानें चूक केली त्यानें निदान आपल्या वांट्याचें फेडावयास लागावें, एवढेंच.

हें लिहीत असतां हजेरीपत्रक समोर उघडें आहे. त्या मुलीच्या नांवापुढें आजही गैरहजेरीची खूण पडली. सातवा धडा संपून आठवा सुरू झाला आहे. तो तिच्यासाठीं आम्हीं वहींत लिहून ठेवला आहे.